अठरा फेरे

"मोजतेस ना?" गाडीखालून सत्तामनं विचारलं.

"मोजतेय की. तू हात चालव," त्याची आई फिद्दा म्हणाली.

उजवं पुढचं चाक काढून अंगणात आडवं टाकलं होतं. जॅकवर भरवसा नाही, म्हणून गाडीच्या पोटाखाली दगड रचलेले. ठोकून ठोकून सत्तामनं टाय रॉडचा, म्हणजे चाक वळवणाऱ्या दांड्याचा, टोकाकडचा जुना एंड चाकाकडून सोडवला होता आणि आता आट्यावरून फिरवून काढत होता. जुना किती फेऱ्यांत निघतो ते मोजायचं, नवा तेवढ्याच फेऱ्यांत बसवायचा, म्हणजे चाक सरळ राहतं. पहाडातल्या त्या गावात याहून दुसरं माप कुणाकडे नव्हतं.

"अठरा," ती म्हणाली, आणि तुकडा निघाला.

तो टाय रॉड इतका ढिला झाला होता, की बुधवारी स्टेअरिंग वळवावं आणि शुक्रवारी चाकांना कळावं. परवा गाडी स्वतःच्या मर्जीनं निघाली आणि त्याच्याच बापाच्या, हाजी मुतलकच्या, हौदाच्या भिंतीवर जाऊन बसली. अंगणात अकरा पाहुणे कॉफी पीत होते. "टाय रॉड गेलाय," सत्ताम म्हणाला. त्याचा बाप म्हणाला, "टाय रॉड नाही, हाकणारा गेलाय." पाहुणे असे हसले, की एकाचा दात कपात पडला आणि कॉफीबरोबर पोटात गेला.

तेव्हापासून बापलेकांत एक शब्द नव्हता. मागच्या सीटवर सत्तामची पिशवी भरून तयार होती. अकबा शहरात मामाकडे जायचं, ते जायचंच. बापानं बोलावल्याशिवाय परत यायचं नाही.

"मी कुणाला घालवलं नाही, मी कशाला बोलवू?" हाजी म्हणाला होता, तेही कोंबडीला.

सकाळपासून तो तीनदा बाहेर आला. एकदा आभाळ बघायला. एकदा कोंबड्या मोजायला. तिसऱ्यांदा कारण सुचेना, तेव्हा त्यानं पायातली चप्पल काढली, झटकली, पुन्हा घातली आणि आत गेला.

"जा की बापाकडे," फिद्दा वाकून म्हणाली. "माफी म्हणून त्यांच्या डोक्याला ओठ लाव. म्हाताऱ्याचं डोकं आहे, चावत नाही."

"पाहुण्यांसमोर बोलले ते. आधी शब्द मागे घ्यावा."

"आणि मी? मी दोघांच्यात पोतेरं होऊन राहू?"

"आई, नवा लावतोय. मोज."

ती मोजायला लागली. तिच्या माहेरी खळ्यावर धान्य मापायचं काम तिचंच असे. धान्य घरात यायचं असलं की मोजणी कडक. घरातून जाणाऱ्या माणसाला द्यायचं असलं, की दर सात मापांनंतर एक वरचं माप. त्याला बरकत म्हणायचं, ते हिशेबात धरायचं नाही. साठ वर्षं ती तशीच मोजत आली होती.

"पाच, सहा, सात, बरकत, आठ, नऊ..."

सत्ताम पाळण्यात असल्यापासून हे ऐकत होता. श्वास ऐकू येत नाही, तसं त्याला ते ऐकू आलं नाही. एका आवाजाला एक फेरा, हात फिरत राहिला.

"...तेरा, चौदा, बरकत, पंधरा, सोळा, सतरा, अठरा. बस."

त्यानं नट आवळला, पिन घातली, चाक चढवलं. दुपारच्या अस्रच्या नमाजाआधीच तो निघाला. आईच्या हाताला ओठ लावले, बाप आत होता त्या दाराकडे बघितलं नाही. धुरळा बसेपर्यंत ती रस्त्यात उभी राहिली. मग हाजी बाहेर आला आणि हौदाची भिंत तपासायला लागला, जशी काही ती आत्ताच पडली होती.

तासाभरानं फोन वाजला. अंगणात बसलेल्या फिद्दाचे हात कणकेत होते. तिनं कोपरानं स्पीकर लावला.

"आई, मोठ्या रस्त्याला लागलो. स्टेअरिंग सरळ धरलं की गाडी उजवीकडे जाते. बाजूला घेऊन थांबलोय." मागून ट्रकांचा आवाज येत होता. "आई, अठराच होते ना?"

"अठराच."

"बरकत धरून?"

"बरकत कधी कुणी धरतं का?"

"म्हणजे वीस फेरे बसले," पलीकडे तो पुटपुटला.

"उजवीकडे काय आहे रे तिथे?" तिनं विचारलं.

"काय असणार? पुढं मागच्या वाटेनं आपल्याच गावाला येणारा फाटा आहे."

हाजी भिंतीपासून उठला. गुडघे धरत फोनपाशी आला आणि फोनकडे न बघता कणकेच्या परातीकडे बघून म्हणाला, "टाय रॉडच असणार. सांग त्याला. नीट हाकणाऱ्यालासुद्धा टाय रॉड फसवतो."

"तुम्हीच सांगा. ऐकतोय तो," फिद्दा म्हणाली.

हाजीनं घसा साफ केला. दोनदा केला.

फोनमधून आधी इंजिनाचा आवाज आला, मग इंडिकेटरची टिकटिक. कुठल्या बाजूचा ते फोनवर कळत नाही. तरी म्हातारा खाली वाकून, कान लावून ऐकत राहिला.