वरच्या मजल्याचा गल्ला

हेडमास्तरांनी समोरच्या सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या आणि चष्मा कपाळावर नेला.

"या, कुणाला यायचंय."

त्यांच्या समोर बसलेल्या त्याच्या हातात राण्यांची जोडी होती. टेबलावर अजून एकही पान उघडलं नव्हतं. इतकी चांगली जोडी त्याला कित्येक दिवसांत आली नव्हती. पण त्याचं लक्ष पानांवर नव्हतं, स्वतःच्या चिप्सवर होतं. मागच्याच डावात त्याचा आकडा पूर्ण झाला होता. हा डाव गेला, तर तो पुन्हा आकड्याच्या खाली जाणार होता.

आकडा बायकोने ठरवून दिला होता. तिचं कपडे धुण्याचं आणि इस्त्रीचं दुकान होतं. वर्षापूर्वी तो क्लबच्या वरच्या मजल्यावर मोठ्या टेबलाला बसायचा, आणि तिथून एका महिन्यात पार धुऊन निघाला. तिने आदळआपट केली नाही. उरलेले पैसे आपल्या कपाटात ठेवले आणि म्हणाली, "खेळ सोडा असं म्हणत नाही. दुकानातलं दुसरं मशीन तुमच्याच जिंकण्यातून आलंय. पण आता खाली बसायचं. गल्ल्याचा विसावा हिस्सा टेबलावर न्यायचा, त्याहून एक पैसा जास्त नाही. वरच्या टेबलाला एकदा बसायला लागतात त्याच्या वीसपट पैसे, म्हणजे वीस बैठकांचा गल्ला झाला, की वर जा. मी अडवणार नाही."

तेव्हापासून तो तळमजल्यावर बसत होता. जिन्याच्या पायथ्याशी, टेबलाचं हिरवं कापड फाटलेलं, सोबतीला पेन्शनर आणि कारकून. वर जाणारे जुने सोबती रोज शेजारून जायचे. "काय राजे, आजही खालीच?" असं विचारायचे आणि उत्तराला थांबायचे नाहीत. त्याने ते सगळं गिळलं होतं. त्यांच्या देखत एकदा हा जिना चढायचा, एवढं एकच त्याच्या मनात होतं.

त्याने राण्या पालथ्या टाकल्या आणि डाव सोडला.

"बघू तरी," शेजारचा कंपाउंडर म्हणाला आणि त्याने होत्या नव्हत्या त्या चिप्स पुढे सारल्या. दवाखान्यातला हा पोरगेला माणूस पगार झाला की खेळायचा आणि संपला की नुसता बघत उभा राहायचा.

कंपाउंडरकडे नव्व्यांची जोडी निघाली. हेडमास्तरांनी हसत हसत एक सत्ती आणि एक तिर्री उलटी केली. मधली पाच पानं पडली. कुणाचंच काही जुळलं नाही; राण्या असत्या तर त्याच जिंकल्या असत्या, आता नव्व्यांची जोडीच मोठी ठरली. ढीग कंपाउंडरने ओढला.

राण्या टाकणारा तो मात्र आपल्या चिप्सचे पैसे करून उठला आणि तडक बायकोच्या दुकानात आला.

बायको इस्त्रीच्या टेबलामागे उभी होती. तिने पैसे मोजले, कपाटातल्या पैशांत मिळवले आणि पहिल्यांदाच मोकळं हसली.

"भरला की हो."

"मग उद्या वर?"

"उद्या वर. ठरलंय ना आपलं."

तो स्टुलावर टेकला. इतक्या महिन्यांत त्याला असं हलकं वाटलं नव्हतं. "आज तर काय सांगू तुला. हेडमास्तर सगळं लावून बसलेले आणि माझ्याकडे राण्यांची जोडी. दुसरा असता तर उडीच मारली असती. मी टाकल्या. शिस्त म्हणजे शिस्त."

तिने इस्त्री उभी करून ठेवली.

"हेडमास्तर म्हणजे तेच ना, हातात काही नसलं तरी लावतात म्हणून तुम्ही हसता ते?"

"तेच. पण माझा आकडा भरला होता ना."

"आणि भरला नसता तर?"

"तर गेलो असतो की. राण्या कोण सोडतं?"

"मग पैसे घेतले कुणी?"

"कंपाउंडरने. नव्व्यांवर सगळं लावलं त्याने. घरी जायला रिक्षाचे पैसे नव्हते त्याच्याकडे. ठार वेडा आहे."

"पण जिंकला."

"जिंकला. नशीब एकेकाचं."

तिने समोरच्या शर्टाची घडी घातली. मग बोलली तेव्हा तिचा आवाज गिऱ्हाइकाला कपड्यावरचा डाग दाखवताना असायचा तसा शांत होता.

"अहो, वीस बैठकांचा गल्ला मी कशासाठी भरायला लावला? एक बैठक बुडाली तर काळजाचं पाणी होऊ नये म्हणून. तुम्ही तर गल्ल्यालाच घाबरलात. तेही खाली, हेडमास्तरांसमोर. वर प्रत्येक डावाला कुणीतरी असं सगळं पुढे ढकलतं."

ती थट्टा करतेय असं वाटून तो हसला. तिने कपाटाला कुलूप लावलं. मागच्या फळीवरून कंपाउंडरचा धुवायला आलेला पांढरा कोट काढला, कागदात गुंडाळला आणि त्याच्या हातात दिला.

"हा पोचवायला जाताय ना? त्याला म्हणावं, वहिनी विचारतायत, वर बसशील का? गल्ला माझा, टेबलावर विसावा हिस्सा, जिंकलं तर निम्मं निम्मं. वर बसायला पैसे द्या म्हणून तो कधीचा मागे लागलाय. मीच थांबवून ठेवलं होतं."

त्याने कोट मांडीवर ठेवला. "हा गल्ला मी भरलाय," तो म्हणाला. "वर्षभर. मान खाली घालून."

"म्हणून तर तुम्हाला खालून उठवत नाही," ती म्हणाली. "त्याच्या हातून संपला, तर पुन्हा भरायला कुणीतरी लागेलच."