दोन डिस्कची वाटणी

पुण्यातल्या एका डेटा सेंटरनं मोडीत काढलेल्या दोन दांडग्या हार्ड डिस्क शिवतेजनं उंब्रजला आणल्या आणि खटपट करून घरच्या राउटरला जोडल्या. घरातल्या सगळ्यांनी आपापले फोटो त्यांत टाकून फोन मोकळे केले. साळूआजी तर निम्म्याअधिक फोटोंत होती.

आजी गेली. महिनाभरात तिचे दोन्ही मुलगे, शिवतेजचे वडील आकाराम आणि दिनकरकाका, वेगळे निघाले. ऊस झाला, विहीर झाली, म्हशी झाल्या. मग नजर डिस्ककडं गेली. दोन भाऊ, दोन डिस्क. इतकी सोपी वाटणी पंचांनी जन्मात केली नव्हती.

“आवं, परत्येक फोटू निम्मा हिच्यात नि निम्मा तिच्यात हाय,” शिवतेज कळवळून म्हणाला. “एकटी डिस्क काय बी दाखवणार न्हाई.”

“बघा, पोरगं बापाचीच बाजू घेतंय!” काका पंचांना म्हणाले आणि आपली डिस्क टॉवेलात गुंडाळून घेऊन गेले.

वर्षश्राद्धाला आजीचा फोटो हवा होता. डिस्क घेऊन कोण कुणाकडं जाणार, हे शिवतेज दोन्ही घरी विचारून आला.

“मी थोरला हाय. आईसाठी त्यानं एवढं करावं,” आकाराम म्हणाले.

“आई काय माझ्या एकट्याची व्हती व्हय? त्यानं यावं,” काका म्हणाले.

श्राद्ध दोन्ही घरांत झालं, वेगवेगळं. हार घातलेला फोटो मात्र दोन्हीकडं एकच होता, आधार कार्डावरून मोठा केलेला.