पाव मिलिमीटरचा फरक

"ही नव्हे," मास्तर गुडघ्यावर हात टेकून उठत म्हणाले. "हिच्या दिव्याची काच सपाट आहे. आपली फुगीर."

पत्नीने काचेचा तुकडा पुन्हा मुलाच्या निळ्या काठाच्या रुमालात गुंडाळला. "चला, पुढची बघू."

जुन्या मोटारींच्या या प्रदर्शनाला दोघे दर वर्षी येत. मैदानावर दोरीच्या आत गाड्या ओळीने उभ्या असत. लोक पितळी भोंगे वाजवून पाहत, लेकरांना बॉनेटजवळ उभे करून फोटो काढत. ही दोघे मात्र फक्त पुढचे दिवे पाहत.

त्यांचा एकुलता एक मुलगा सहा वर्षांपूर्वी डोंगरातल्या रस्त्यावर, एका वळणावर, मोटारसायकलसकट कठड्यावर आदळून गेला होता. पोलिसांनी काही महिन्यांत प्रकरण मिटवले. घरात उरला होता तो वळणावरून परत येऊन मास्तरांनी तिच्या हाती दिलेला काचेचा तुकडा. जन्मभर तांत्रिक विद्यालयात मोजमाप शिकवलेल्या मास्तरांनी तेव्हाच सांगून टाकले होते, की ही काच त्याला धडक देऊन पळालेल्या गाडीची, आणि ती गाडी हल्लीची नव्हे. असे दिवे बनायचे कधीच बंद झाले. म्हणजे शोधायची ती जुनी गाडी. तेव्हापासून पत्नी प्रदर्शनाच्या तारखेवर डोळे लावून बसे.

"मी शिव्या नाही देणार हो," ती चालता चालता म्हणाली. दर वर्षी म्हणे. "एवढंच विचारीन, थांबला का नाहीस? त्याने काय ते सांगितलं, की मला झोप लागेल."

मास्तर पुढच्या गाडीकडे वळले.

ओळीच्या टोकाला गडद हिरवी गाडी उभी होती. मालक दाताचे डॉक्टर होते. तसा फलकच त्यांनी हौसेने लावला होता.

"या, या! हात लावा खुशाल. चावत नाही ती. आणि चावलीच, तर मी आहेच!"

पत्नी हसली नाही. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, म्हणून ती बोटांनी पाही. तिने उजवा दिवा चाचपला, मग डावा. मग पुन्हा उजवा.

"हा उजवा वेगळा लागतो."

"अहो, वा! नेमकं ओळखलंत," डॉक्टर म्हणाले. "आयुष्यभर लोकांना दात बसवले, पण हिला जोडीचा दिवा काही मिळाला नाही. डावा तेवढा मूळचा."

"उजवा कसा फुटला?"

डॉक्टर किंचित ओशाळले. "माझ्याच फाटकावर धडकलो. जुनी गोष्ट आहे. सोडा."

"किती जुनी?"

"पाच-सहा वर्षं झाली असतील."

पत्नीने मास्तरांचे मनगट घट्ट धरले. तिच्या बोटांखाली मास्तरांच्या मनगटावरचे घड्याळ पाहून डॉक्टरांनी विषय बदलला. "छान आहे हो. चावीचं का?"

"मुलाचं," पत्नी म्हणाली. "अपघातात त्याच्या हातात होतं. मोटारसायकलचा चेंदामेंदा झाला, पण याच्या काचेला एक ओरखडा नाही. बघा."

मास्तरांनी बाही खाली ओढली.

तेवढ्यात कोणीतरी डॉक्टरांना गाडीच्या मागच्या बाजूला बोलावून नेले. पत्नीने घाईघाईने रुमाल उघडला. "लावून बघा. लवकर."

मास्तर वाकले. त्यांनी तुकडा डाव्या दिव्याच्या कडेशी टेकवला. रेघेवर रेघ बसली. बाक बाकाशी जुळला. त्यांनी खिशातून कॅलिपर काढला, दिव्यावरच्या रेघांमधले अंतर घेतले, मग तुकड्यावरचे घेतले. आकडा वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला.

मागून डॉक्टरांचे खळखळून हसणे ऐकू येत होते.

"माझ्या बोटांना सारख्याच लागतात हो रेघा," पत्नी कुजबुजली. "हाच ना? बोलावू त्याला? सांगा ना."

"पाव मिलिमीटरचा फरक आहे," मास्तर म्हणाले.

"एवढासा?"

"मापात एवढासा नसतो. ही ती गाडी नव्हे."

ती बराच वेळ त्या दिव्यावर हात ठेवून उभी राहिली. मग तिने हात काढून घेतला. "तुम्ही म्हणता म्हणजे नसेल. दुसऱ्या कशात बोलाल, पण मापात तुम्ही खोटं बोलायचे नाहीत."

डॉक्टर परत आले, तेव्हा त्यांना तुकडा दिसला. "अरे! असला दिवा आहे की काय तुमच्याकडे?"

"नाही," मास्तर म्हणाले. "तुकडाच आहे."

"अख्खा सापडला तर मला कळवा हं."

घरी परतताना पत्नी खिडकीबाहेर पाहत राहिली. फाटकापाशी उतरताना म्हणाली, "पुढच्या वर्षी तरी सापडेल ना हो?"

"बघू."

तिने रुमाल कपाटात, मुलाच्या इस्त्रीच्या शर्टांवर ठेवला आणि चहाचे आधण चढवले. मास्तर मागच्या दुरुस्तीच्या खोलीत गेले. आतून कडी लावून स्टुलावर चढले. वरच्या फळीवर, रंगाच्या डब्यांमागे, गोणपाटात गुंडाळलेले काहीतरी होते. ते त्यांनी कामाच्या बाकावर आणून उलगडले. मोटारीचा जुना दिवा; फुगीर काचेचा, डॉक्टरांच्या डाव्या दिव्याचा सख्खा भाऊ. काचेच्या कडेचा एक तुकडा तेवढा नव्हता. वळणावरून परत आल्यावर मास्तरांनीच तो याच बाकावर, हातोडीच्या एका टिचकीने, काढला होता.

"अहो," स्वयंपाकघरातून हाक आली, "किती वाजले?"

मास्तरांनी मनगट उजेडात धरले. हे घड्याळ त्यांना मुलाच्या हातात सापडले नव्हते. कठड्याच्या थोडे अलीकडे, मैलाच्या दगडावर, निळ्या काठाच्या रुमालाची नीट घडी घालून, तिच्यावर ते त्याने पट्टा लावून ठेवलेले होते.