बासरीची कॅसेट

खडोलीच्या चाळीत सुट्टीचा वार होता. झुंबर खाटेवर पाय सोडून बसला होता, आणि त्याचा मुलगा संजू खाली टेपरेकॉर्डरपाशी. टेपवर नवीन सिनेमाचं गाणं चालू होतं.

"ह्याला गाणं म्हणता तुम्ही?" झुंबर ओरडून म्हणाला. धाग्याच्या कारखान्यातली माणसं घरीही ओरडूनच बोलत. "ना सूर, ना शब्द. नुसतं धब धब, धब धब. मिरच्या कांडल्यासारखं."

"आबा, बासरी आहे ना त्यात," वाल्मिक म्हणाला. तो संजूचा मित्र, जवळच्याच रांधा गावचा. सिल्वासाच्या बाजारात कॅसेटच्या दुकानात कामाला होता. ही कॅसेट आत्ताच त्याने आणली होती. "पहिल्यापासून शेवटपर्यंत बासरीच तर आहे."

"बासरी मला नको शिकवू, भो. गावाकडच्या लग्नात मी वाजवायला लागलो की नवरदेव घोडा थांबवायचा. कॅसेट आहे त्याची. तुमचं हे दिवाळीपर्यंत तरी टिकेल का?"

केसरबाई दारात मेथी निवडत होती. नवऱ्याचं हे बोलणं ती दर सुट्टीला ऐकत होती. तिने मान वर केली नाही.

संजूने वाल्मिककडे बघून डोळा मारला. देव्हाऱ्याखालच्या डब्यातून त्याने बापाची कॅसेट काढली आणि पाठ आड करून टेपमध्ये घातली.

"दादा, नको ना," त्याची बहीण सोनम म्हणाली. पण तीही हसू दाबत होती.

"आबा, मग हे ऐका. ह्याच महिन्यात आलंय. एकदम ताजं."

टेपमधून लग्नाचा गलका आला. ढोलकी आली, आणि ढोलकीवरून बासरी वर चढत गेली. एकाच श्वासात लांबवर जाणारी, मध्येच वळून खोडी काढणारी. वाल्मिक दिवसभर दुकानात गाणीच ऐकायचा. त्याचं हसू थांबलं. म्हातारा एवढा चांगला वाजवत असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

झुंबरने कान दिला. त्याचं तोंड हळूहळू वाकडं होत गेलं.

"हे तर त्याच्याहून भिकार. कोण हा गाढव? ढोलकीवाल्याला एकट्यालाच सोडून दिलंय. बंद कर ते, डोकं उठलं."

संजू जमिनीवर लोळून हसला. सोनमने ओढणीचा बोळा तोंडात धरला. सगळे हसताहेत असं पाहून झुंबरही हसला.

"बघा, पटलं ना तुम्हालाही?"

"संजू, बस झालं आता," केसरबाई म्हणाली.

"थांब माय, खरी मजा पुढे आहे." संजूने पुन्हा नवी कॅसेट घातली. "आबा, आता तुमची लावतो. तुमची बासरी."

सिनेमातला ढोल सुरू झाला. झुंबरने डोळे मिटले. थोड्या वेळाने त्याची मान डोलू लागली. मग दोन्ही हात ओठांशी आडवे आले आणि बोटं हवेत उघडमीट करू लागली.

"आली बघ," तो म्हणाला. "कसा चढलाय सूर. असं वाजवणारा आता होणार नाही."

गाणं संपलं. संजूने टेप बंद केला, तरी ती बोटं थोडा वेळ चालतच राहिली. ह्या वेळी सोनमलाही हसता आलं नाही.

"कानांना काय झालं रे त्यांच्या?" वाल्मिकने हळूच विचारलं. संजूने "काय?" म्हटलं. वाल्मिकने मोठ्याने परत विचारलं.

"कारखान्याच्या शेडमध्ये जुन्या लोकांचं होतंच तसं. मशिनींचा आवाज केवढा असतो. मी तिथं कामाला लागलो ना, तेव्हा कानात धाग्याचे बोळे घालायचो. आबाच हसले, सगळ्यांदेखत. म्हणाले, बायकांसारखं काय ते, काढ, चार दिवसांत सवय होईल." त्याने खांदे उडवले. "झाली सवय."

मग तो खाटेकडे वळून ओरडला, "आबा, तुमचं झालं. आता आमचं लावतो." त्याने कॅसेट मागे नेली आणि तेच गाणं पुन्हा सुरू केलं. "सोनम, आवाज वाढव. मघापासून नीट ऐकलंच नाही मी."

सोनमने बटण फिरवलं. शेजारच्या प्रमिलाबाईंनी पलीकडून भिंत ठोकली. वाल्मिकने कानांत बोटं घातली.

"वाढव ना गं."

"वाढवलाय, दादा."

"कुठे वाढवलायस?"

"शेवटपर्यंत फिरवलंय. बटण पुढे जातच नाही."

संजूने टेपच्या जाळीला कान लावला. बराच वेळ तो तसाच वाकून बसला. मग वैतागून मागे सरकला.

"काय कॅसेट आणलीस यार, वाल्मिक. बासरी कुठेय ह्यात? गेल्या वर्षीपर्यंत काय गाणी यायची. आता नुसतं धब धब."

केसरबाईच्या हातातली मेथीची जुडी हातातच राहिली.

संजूचं ओरडणं झुंबरपर्यंत पोचलं होतं. तो खाटेवरून खाली वाकला. कित्येक दिवसांनी त्याने मुलाच्या पाठीवर हात ठेवला.

"आता तुला गाणं कळायला लागलं," तो म्हणाला.