बहिऱ्या बाईपुढची मैफल

अंथरुणाला खिळलेल्यांना घरी जाऊन गाणं ऐकवायचं, हे भजनी मंडळाचं खूळ अभिमन्यूच्या डोक्यात जायचं. म्हाताऱ्यांनी लाळ गाळत बघत बसायचं आणि आपण गळा झिजवायचा. त्यात आजची विठाबाई सोलापुरातल्या गिरणीत राबून ठार बहिरी झालेली. सून रेश्मा आत भाकरी थापत होती, त्या थपथपाटात तिला तरी काय कळणार?

त्यानं पेटीचा भाता उघडलाच नाही. पट्ट्यांवरून नुसती बोटं फिरवली आणि मुक्यानंच तोंड हलवलं.

विठाबाई मांडीवर ठेका धरून डोलू लागली. सोंगाडी म्हातारी, तो मनात म्हणाला.

तेवढ्यात पिठाच्या हातांनी रेश्मा दारात आली. तिचे डोळे भरले होते.

"लई गोड गळा हाय. थेट चुलीपर्यंत ऐकू आलं."

अभिमन्यूनं ओठ घट्ट मिटले. बोटं उचलली. खोलीत पंखा तेवढा कुरकुरत होता, पण दोघींच्या माना डोलतच राहिल्या.

"मी थांबलोय," तो चिडून म्हणाला.

विठाबाईनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. सतरंजीवर त्याच्या शेजारी रिकामी जागा होती, तिथंच तिची नजर खिळली होती.

"तू गप बस की," ती म्हणाली. "त्यांना म्हणू दे."