पडद्यामागून

जोतीराम मुंबईत सिनेमातल्या नटाच्या जागी बसून भरधाव मोटार हाणायचा. अशाच एका शूटिंगला डावीकडच्या वळणावर मोटार भिंतीवर आदळली आणि तो गेला. त्याचे वडील, लालासाहेब, एकटेच जाऊन अग्नी देऊन आले. शेचाळीस साली तोच सिनेमा कुंडलच्या जत्रेतल्या तंबूत लागला. पुरुष पडद्यापुढं बसले, बायका पडद्यामागं. मागून सगळं चित्र उलटं दिसायचं, डावं ते उजवं. मोटार बाजारातून सुसाट निघाली, शिट्ट्यांनी तंबू फुटायची वेळ आली. ती डावीकडं वळताच लालासाहेबांनी डोळे मिटून घेतले. खेळ सुटला. जोतीरामची आई, मनुबाई, पडद्यामागून धावतच आली. तिनं आयुष्यात पहिल्यांदाच सिनेमा पाहिला होता. नवऱ्याचा सदरा धरून ती हसत होती. “आवं, तुमी डावीकडली भिंत म्हणाला व्हता. माझं लेकरू उजवीकडं वळलं! मग तुमी कुणाला जाळून आलासा?”