चौथ्या वर्षाचा रंग

संपादकांनी निबंध सहाव्यांदा परत पाठवला. या वेळी प्रश्न एकच होता. चौथ्या वर्षी पट्टीचा रंग नेमका कसा होता? नोंदवहीच्या पानाचा फोटो जोडावा.

प्लास्टिक उन्हापावसात कसं जुनं होतं, त्यावरचे निबंध छापणारं त्यांचं नियतकालिक. हा निबंध त्यांच्या बायकोचा. अकरा वर्षं तिने प्रयोगशाळेच्या गच्चीवर प्लास्टिकच्या पट्ट्या टांगल्या, मोजल्या, आणि निबंध अर्ध्यावर असताना ती गेली. तिच्या विद्यार्थिनीने तो पुरा केला. दोन्ही परीक्षकांनी केव्हाच होकार दिला होता. महिनाअखेर निबंध स्वीकारला गेला नाही, तर पोरीची पदवी हुकणार होती.

"घरच्याच पेपरला एवढा सासुरवास!" ऑफिसातले म्हणत. त्यात कौतुकच असे.

दरवेळी उत्तर यायचं, सोबत पानाचा फोटो. दुपारी दार लोटून ते तो उघडत. बायकोचं तिरकं, घाईचं अक्षर. आकड्यांशेजारी समासात काहीबाही. 'आज ऊन चावतंय.' 'शिडी धरणारे उभ्या उभ्या पेंगताहेत. शिडी सुटली तर पडणार मीच.' वाचता वाचता खोली पातळ होत जायची. खिडकीत पट्ट्या झुलायच्या, उजेड त्यांच्यातून गाळून यायचा. वरून कुणीतरी म्हणायचं, अहो, नीट धरा. चहा गार व्हायचा. त्यांना पत्ता नसायचा.

सहाव्या वेळी उत्तर आलं नाही. विद्यार्थिनीच आली, खांद्याला जड पिशवी लावून. बसलीसुद्धा नाही.

"सर, चौथ्या वर्षी शिडी कुणी धरली होती?"

ते खिडकीकडे बघत राहिले. "मी."

"मग रंग कसा होता?"

"मधासारखा," ते म्हणाले. पट्टी जशी समोरच टांगलेली होती. "कडेला जरा काळपट. तिला वाटलं होतं, इतक्या लवकर नाही व्हायची."

त्यांनी पडद्यावरचा प्रश्न खोडला आणि 'स्वीकारला' वर बोट दाबलं. आता फोटो येणार नव्हते. दोन्ही हात मांडीवर घेऊन ते बसून राहिले.

तिने पिशवीतून एकेक करत अकरा वह्या काढल्या आणि त्यांच्यापुढे ठेवल्या.

"मागितल्या असत्यात ना सर, तर पहिल्या दिवशीच आणून दिल्या असत्या."